शनिवारी फुटलेली बाटली

बाटली फुटली तेव्हा नेव्हिल पास्को शेडच्या दाराबाहेर बूट काढत होता, म्हणून वाचला. आवाज बंदुकीसारखा नव्हता. वाऱ्याने जड दार आपटावं तसा होता. आत गेल्यावर त्याला आधी वास आला, मग काचा दिसल्या. वरच्या फळीवर सहा बाटल्या होत्या, त्यांतल्या एकीचं फक्त बूड उरलं होतं. बाकीची काच समोरच्या लाकडी भिंतीत रुतली होती, त्याच्या डोक्याच्या उंचीवर.

त्याने काचा झाडल्या, जमीन धुतली, भिंतीतले तुकडे पकडीने उपटले. त्याची बायको ग्लेनिस नेल्सन शहरातून खरेदी करून परतली तेव्हा तो अंगणात बादली रिकामी करत होता.

"कसला वास येतोय?"

"एक बाटली हातातून निसटली."

"लग्नातली?"

"हं."

"अरेरे," ग्लेनिस म्हणाली आणि पिशव्या घेऊन आत गेली.

हे खोटं त्याच्या तोंडून इतक्या सहजपणे गेलं की ते खोटं आहे हे ध्यानात यायला त्याला एक क्षण लागला.

लग्न एप्रिलमध्ये झालं होतं, त्याच्या मुलीचं, फ्रान्सीचं. जावई विरेमू होहाया, मोटुएका नदीच्या वरच्या अंगाला हॉपचा, म्हणजे बिअरला कडू चव आणि वास देणाऱ्या फुलांच्या वेलांचा, मळा करणारा. खोऱ्यात घरी बिअर करणाऱ्यांचा एक क्लब होता आणि नेव्हिल त्याचा बरीच वर्षं अध्यक्ष होता. क्लबाचा रिवाज असा, की कुणाच्या घरी लग्न ठरलं की कितीतरी महिने आधी वाइनइतकी चढणारी, जड, कडवट बिअर घालायची, ती मुरवायची आणि लग्नाच्या पाहुण्यांना जाताना एकेक बाटली द्यायची. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला सगळ्यांनी ती आपापल्या घरी उघडायची. तोपर्यंत बाटली दिसेल अशा जागी ठेवायची. कुणी शेकोटीच्या वरच्या फळीवर ठेवत, कुणी जेवणाच्या टेबलाशेजारी. फ्रान्सीने स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली होती. सकाळचं ऊन तिच्यातून आलं की भांडी मधाच्या रंगाची दिसतात, असं ती म्हणायची.

बिअर चांगली झाली होती. सप्टेंबरात, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या वसंतात, मळ्यातले वेल तारांवर चढायला लागले तेव्हा त्याने ती घातली. इतक्या जड बिअरमध्ये यीस्ट दमतं. पचेल तेवढी साखर खातं आणि तळाशी जाऊन पडतं. मार्चमध्ये हॉपची तोडणी सुरू झाली तेव्हा ती अगदी शांत होती. त्याने ती दोनदा मोजली, मध्ये तीन दिवस जाऊ देऊन. साखर किती उरली ते दाखवणारी काचेची मापकांडी दोन्ही वेळा एकाच रेघेवर तरंगली. मग शेजारच्या भट्टीतून नुकती वाळलेली हॉपची फुलं त्याने पोत्याने आणली आणि वासासाठी आत लोटली.

फुलं गोड नसतात. चहात पुदिना टाकला म्हणून चहा गोड होत नाही. पण हॉपच्या फुलांत असं काही असतं, की यीस्टला न पचलेली साखरही त्याने पचण्याजोगी होते, आणि झोपलेलं यीस्ट पुन्हा जेवायला उठतं आणि वायू सोडतं. म्हणून फुलं टाकल्यावर पुन्हा दोनदा मोजायचं, मगच बाटल्या भरायच्या. क्लबात हे नव्या माणसाला नेव्हिलच शिकवायचा. त्याच्या शेडच्या दारावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: 'दोन मापं सारखी, तरच बाटली.'

लग्न तोंडावर आलं होतं. मोजलं असतं आणि मापं जुळली नसती, तर पाहुण्यांना रिकाम्या हाताने पाठवावं लागलं असतं. म्हणून त्याने मोजलंच नाही. तो विसरला नव्हता. कांडी धुऊन पुसून टेबलावर ठेवलेली होती. तिच्याकडे पाठ करून त्याने झाकणं ठोकली.

हिवाळाभर थंड घरांत बाटल्या गप्प राहिल्या. ख्रिसमसनंतर उन्हाळा तापला.

रविवारी त्याने उरलेल्या बाटल्या बर्फात गाडल्या आणि गार झाल्यावर एक टॉवेलात गुंडाळून उघडली. अर्धी बाटली फेसातच गेली. राहिलेल्यातला वायू घुसळून काढून त्याने ती मोजली. कांडी मार्चपेक्षा कितीतरी खोल बुडाली, म्हणजे बंद बाटलीत यीस्ट साखर खात राहिलं होतं. शंकेला जागा उरली नाही. खोऱ्यातल्या चाळीसेक घरांत त्याने स्वतःच्या हाताने लेबलं चिकटवून सुरुंग वाटले होते, आणि लोकांनी ते शोभेला मांडले होते.

फोन तेव्हाच करायला हवा होता. तो फोनपाशी गेलाही. फ्रान्सीचा नंबर अर्धा दाबला आणि त्याला ते हेल्मेट आठवलं.

क्लबाचं एक गमतीचं बक्षीस होतं. वर्षातली सगळ्यात मोठी फजिती ज्याची होईल त्याला फेब्रुवारीच्या मेळाव्यात कुणाच्या तरी आजोबांचं लढाईतलं लोखंडी हेल्मेट द्यायचं. ते त्याने वर्षभर सांभाळायचं. काही वर्षांपूर्वी नायरी होहायाच्या दोन बाटल्या क्लबाच्या हॉलमध्ये फुटल्या. कुणाला लागलं नाही, पियानोत मात्र फेस गेला. नायरी म्हणजे विरेमूची आत्या, खोऱ्यातली जनावरांची डॉक्टर. हेल्मेट अर्थातच तिला मिळालं आणि भाषण नेव्हिलने केलं. "डॉक्टरीणबाई," तो म्हणाला होता, "गाईचं पोट फुगलं की टोचून वारा काढता, मग बाटलीचं पोट कळलं नाही होय?" हॉल हसून कोसळला. नायरीही हसली, हेल्मेट घालून तिने फोटो काढून घेतला, ते घेऊन घरी गेली आणि पुन्हा क्लबात आली नाही. तिला विचारायला कुणी गेलं नाही. नेव्हिलही गेला नाही. नंतरच्या मेळाव्यांत हेल्मेटाचा विषय कुणी काढला नाही.

त्याने फोन खाली ठेवला.

सोमवारी त्याने छताच्या पन्हळी साफ केल्या, ज्या साफच होत्या. उद्या करू, असं तो प्रत्येक पन्हळीला म्हणत होता. संध्याकाळी ग्लेनिसला कुणाचा तरी फोन आला. गाण्याची तालीम आहे म्हणून ती घाईने गाडी काढून गेली आणि बऱ्याच उशिरा परतली. त्यानंतर ती त्याच्याशी मोजकंच बोलत होती. तिचं डोकं दुखत असेल, असं तो धरून चालला.

मंगळवारी त्याला निमित्त सापडलं. लेबलांचा गोंद सुटतोय. बाटल्या परत द्या, नवी लेबलं लावून देतो.

तो एकेकाला फोन करत गेला. लोक इतके सालस निघाले की त्याला आश्चर्य वाटलं. कुणी का म्हणून विचारलं नाही. शेवटी त्याने फ्रान्सीला फोन लावला.

"बोल बाबा."

"ती बाटली गं. लग्नातली. लेबलाचा गोंद सुटतोय सगळ्यांचा."

"हो का," ती म्हणाली. "मग बदल ना. मी आणून देते पुढच्या आठवड्यात."

"मीच येतो उद्या."

"उद्या नको. घरात रंगाचं काम काढलंय. सगळा पसारा आहे." ती तोंडात घास असल्यासारखी बोलत होती.

"खिडकीतच आहे का ती?"

"नाही रे, केव्हाच हलवली. गार जागी आहे."

नेव्हिलचा जीव भांड्यात पडला. मुलीला खरं सांगायची वेळ टळली, याचा आनंद त्या सुटकेत किती होता, हे त्याने तपासलं नाही.

बुधवारी तो पिकअपमध्ये बर्फाच्या पेट्या टाकून निघाला. पहिलं घर हेडली स्टॅगचं. जन्मभर मेंढ्या भादरून आता निवृत्त झालेला हा गडी बाटली घेऊन बाहेर आला, ती फ्रीजमधली गारढोण, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली, आणि शेकोटीच्या लांब चिमट्यात धरलेली.

"हे काय?" नेव्हिलने विचारलं.

"चिकट झालीय ना," हेडली गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "गोंदामुळे. हात घाण होतात."

पुढचं घर डॉरीन फिचेटचं. तिने बाटली अंगणाच्या मधोमध बर्फाच्या टबात ठेवली होती आणि स्वतः पाण्याच्या टाकीमागे उभी होती.

"तूच उचल बाबा," ती तिथूनच म्हणाली. "माझी कंबर धरलीय."

"तू टाकीमागे का उभी आहेस?"

"सावली आहे इथे."

घरोघरी असंच. बाटली गार, गुंडाळलेली, माणसं हातभर लांब. एकाने तर देताना डोळ्यांवर वेल्डिंगचा चष्मा चढवला होता; नेव्हिलला पाहून म्हणाला, काम मध्येच टाकून आलो. गार बाटली फुटत नाही, आपलं नशीब जोरावर आहे, असं नेव्हिलला वाटत राहिलं. संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळ्या बाटल्या पेट्यांत आल्या होत्या. फ्रान्सीची आणि नायरीची तेवढी राहिली.

नायरीने फोन उचलला नव्हता. त्याने निरोप ठेवला होता. लग्नात तिला बाटली देताना त्याने तिच्या खांद्यापलीकडे बघत दिली होती.

गुरुवारी सकाळी त्याने तिचं दार वाजवलं. दार उघडलं. नायरीच्या डोक्यावर ते लोखंडी हेल्मेट होतं आणि हातांत कोपरापर्यंतचे चामडी मोजे.

"या व्याही," ती म्हणाली. "गोंद सुटलेल्या बाटलीसाठी आलात ना?"

"हो. म्हणजे, लेबल जरा..."

"पोट फुगलंय तिचं. मी बघितलं. मागच्या फ्रीजमध्ये ठेवलीय, गाईंच्या लशींशेजारी."

नेव्हिलची नजर हेल्मेटावरून हलेना. "ते अजून तुझ्याकडे आहे?"

"मग कुणाला देऊ? न्यायला कुणी आलंच नाही. कोंबड्यांना दाणे घालायला बरं पडतं."

"नायरी, त्या वेळी मी जे बोललो..."

"त्या वेळचं राहू दे. मला अकराला एक घोडा बघायचाय." ती पायरीवर आली. "मला सांग, गोंदाची गोष्ट किती जणांनी मानली?"

"सगळ्यांनीच."

"सगळ्यांनीच. हेडलीने चिमट्यात धरून दिली आणि तुला वाटलं, मानली."

नेव्हिलने तिच्याकडे पाहिलं. चिमट्याचं त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं.

"हाताने धरू नको म्हणून मीच सांगितलं त्याला," नायरी म्हणाली. "सगळ्यांनाच सांगितलं. मंगळवारी सकाळी, तुझे फोन जायच्या आधी. आधी गार करा, मग हात लावा. डॉरीन म्हणाली, पुरून टाकू का? मी म्हटलं, पुरू नको, बटाटे उगवायच्या ऐवजी भलतंच उगवेल. मग तुझी गोंदाची गोष्ट आली. लोकांनी ठरवलं, माणूस तोंड लपवतोय तर लपवू द्यावं."

"पण तुला कसं कळलं?"

नायरीने हातातले मोजे उतरवले आणि कठड्यावर ठेवले. घाई असल्याचं ती विसरलेली दिसली.

"बाबाला कळू देऊ नका, असं फ्रान्सीने सगळ्यांकडून वचन घेतलंय. म्हणाली, तो शरमेने अर्धा होईल, पुन्हा शेडमध्ये पाय ठेवणार नाही. सगळ्यांनी वचन दिलं. मी दिलं नाही. सोमवारी संध्याकाळी ती भांडी घासत होती. बाटली खिडकीतच होती."

नेव्हिलने दाराची चौकट धरली.

"डोळा वाचलाय," नायरी लगेच म्हणाली. "बोटभर खाली लागलं. गालाला टाके पडलेत, आतून बाहेरून. विरेमू मळ्याच्या वरच्या टोकाला होता, माझं घर जवळ म्हणून तिने मला फोन केला. मीच तिला मोटुएका गावातल्या दवाखान्यात नेलं. माझ्या मागोमाग ग्लेनिस पोचली."

"ग्लेनिस."

"गाण्याची तालीम होती ना तिची," नायरी म्हणाली.

नेव्हिल पायरीवर बसला. समोर त्याची पिकअप उभी होती. पेट्यांतला बर्फ वितळून पाणी थेंब थेंब रस्त्यावर पडत होतं. तोंडात घास असल्यासारखी बोलत होती, असं त्याला आठवलं. टाके घातलेल्या गालाने ती त्याला रंगकामाची गोष्ट सांगत होती आणि तो तिला गोंदाची.

"तुझी कधी फुटली?" नायरीने विचारलं.

"माझी?"

"फुटल्याशिवाय का तू बाटल्या गोळा करत फिरशील? एखादी फुटलीच असणार. कधी?"

मंगळवार म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. मंगळवार म्हटलं असतं तर सगळं जुळलं असतं: सकाळी फुटली, लगेच फोन केले. नायरीला खोटं पाडता आलं नसतं. त्याने तोंड उघडलंही.

"शनिवारी," तो म्हणाला.

नायरीने हनुवटीखालचा पट्टा सोडला, हेल्मेट काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याच्या कडेला धान्याचा कोंडा चिकटला होता.

"शनिवारचं मी तिला सांगणार नाही," ती म्हणाली. "ते तू सांगशील."

तिने आत जाऊन गोणपाटातली बाटली आणली, स्वतःच पेटीत ठेवली, पेटीचं झाकण लावलं आणि घोडा बघायला निघून गेली.

फ्रान्सीच्या घरापर्यंत नदीकाठचा रस्ता. दोन्हीकडे हॉपचे वेल तारांच्या टोकाला पोचले होते. हेल्मेट शेजारच्या सीटवर प्रत्येक वळणाला घरंगळत होतं. ग्लेनिसला शनिवारचा वास माहीत होता. निसटलेल्या बाटलीची गोष्ट तिने शनिवारी ऐकली होती आणि सोमवारी दवाखान्यात बसून हिशेब केला असणार. तरी ती तीन दिवस त्याच्यासमोर चहाचा कप ठेवत होती आणि वाट बघत होती. डोकंबिकं दुखत नव्हतं तिचं.

फ्रान्सीने दार उघडलं. डाव्या डोळ्याखाली पांढरी पट्टी, भोवती जांभळं झालेलं.

"अरे बाबा, तू कसा काय? हे बघ, घाबरू नकोस, गेटची तार लागली. सुटली आणि सटकन आली तोंडावर." तिने हे तयार ठेवलेलं होतं.

"बरं," नेव्हिल म्हणाला.

रंगाचा कुठेही वास नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेऐवजी प्लायवूड ठोकलेलं होतं, म्हणून आत दिवा लावावा लागला होता. छतावर सिंकच्या वर मोठा तपकिरी डाग होता, कडेने ओघळलेला.

"कामगार उद्यापासून येणारेत," फ्रान्सी त्याची नजर पाहून म्हणाली. "वरचा नळ गळत होता ना."

त्याने सिंकखालून फडकं घेतलं, ओलं केलं, खुर्ची ओढली आणि वर चढला. साठी उलटलेल्या माणसाने असं चढू नये म्हणून तिने न बोलता खुर्ची धरली. तो डाग पुसू लागला. चिकट होता, सहज निघत नव्हता.

"नायरीने सांगितलं," तो छताकडे बघत म्हणाला.

"आत्याच्या पोटात काही राहील तर शपथ." तिने सुस्कारा सोडला, पण त्यात सुटकाही होती. "जाऊ दे ना बाबा. बरी आहे मी. व्रण दिसणारही नाही म्हणे फारसा. तूच म्हणतोस ना क्लबात, ज्याची कधी फुटली नाही त्याने कधी घातलीच नाही."

हे तो म्हणायचा खरा. दुसऱ्यांना म्हणायचा. इथेच खाली उतरावं, तिला जवळ घ्यावं आणि चहा प्यावा, एवढंच बाकी होतं. तिने सगळं माफ करून टाकलं होतं. जेवढं तिला ठाऊक होतं तेवढं सगळं.

"माझी शनिवारी फुटली," तो म्हणाला.

"काय?"

"शेडमध्ये. शनिवारी. रविवारी मी मोजूनही बघितलं. मला माहीत होतं, फ्रान्सी."

खुर्ची किंचित हलली.

"तुझी सोमवारी फुटली," तो म्हणाला, तिने जुळवायच्या आत.

"मग फोन का नाही केलास?"

"लाज वाटली."

"मला फोन करायची?"

"सगळ्यांनाच. तुला जास्त."

फ्रान्सीचा हात पट्टीकडे गेला. मुद्दाम नव्हे, डास बसल्यावर जातो तसा. मग तिने खुर्ची सोडली. ती मागच्या दाराने बाहेर गेली. स्प्रिंगचं दार तिच्यामागे दोनदा आपटून बंद झालं. थोड्या वेळाने मळ्याच्या दिशेने तिने विरेमूला मारलेली हाक ऐकू आली, मग काहीच ऐकू येईना.

नेव्हिल खुर्चीवरच राहिला. फडक्यातलं पाणी मनगटावरून बाहीत उतरत होतं. ओलावा लागल्याने छतावरचा डाग पुन्हा जागा झाला होता आणि त्याचा वास खाली येत होता: संत्र्याची साल, चीडाच्या झाडाचा डिंक, मागून जळत्या साखरेचा कडवटपणा. मार्चमध्ये त्याला नेमका हाच वास हवा होता. इतका नेमका तो आधी कधीच जमला नव्हता.

हे आपल्या ध्यानात आलं, याची त्याला शनिवारपासूनच्या सगळ्यापेक्षा जास्त शरम वाटली. त्याने तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली. धरायला कुणी नव्हतं, म्हणून एक हात भिंतीला टेकवला आणि दुसऱ्या हाताने तो पुसत राहिला.